तिपाई कोणी लावली?

दादा, काल तुझा दहावा झाला आणि आज मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसाला लोक गोड गोड लिहितात. तुझ्याविषयी गोड लिहिण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे, ते मधूनमधून येईलच. पण भांडण आधी, कारण ते तू अर्धंच टाकून गेलास. सकाळी कारध्याच्या पुलावर सायकल कठड्याला टेकवलीस, छाती धरून खाली बसलास आणि पलीकडे भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलास. वाद अंगाशी आला की उठून जायची तुझी सवय जुनीच आहे.

तू वायुदलात नेमकं काय करतोस हे आपल्या कारध्यात कुणाला कधी कळलं नाही. सुट्टीवर आलास की चहाच्या टपरीवर तेच ते प्रश्न. इमान चालवतं का गा? नाही. बंदूक चालवतं? नाही. मंग कराचं काय दिवसभर? तू हसायचास. मला मात्र तू नीट समजावून सांगितलं होतंस. विमानातून सोडलेला नवा बॉम्ब सांगितलेल्या जागी खरंच पडतो का, हे तपासणारी तुमची तुकडी. "म्हंजे तू परीक्षक," मी म्हणाले. "हो. तुह्यासारखाच मास्तर. फक्त माहे पोट्टे आभाळातून पडते," तू म्हणालास.

त्या दुपारी तू जत्रेतून आणलेला लाल ठिपका पाडणारा छोटा टॉर्च काढलास. माय अंगणात झिंगे निवडत बसली होती. शेजारचं मांजर भिंतीवरच्या ठिपक्यामागे धावायला लागलं. "हे मांजर म्हंजे बॉम्ब," तू सांगत होतास. "जमिनीवरून आपण लक्ष्यावर ठिपका धराचा. तो त्याच्यामागं येते. ठिपका हालला की तो चुकला. त्याच्यात मांजराचा काही दोष नाई." आणि बोलता बोलता तू ठिपका मायच्या टोपलीवर नेलास. मांजर थेट झिंग्यांत. मायने झाडू फेकला तो मांजराला न लागता तुला लागला, आणि तू म्हणालास, "पाहा, हे बिनठिपक्याचं हत्यार." इतकं हसलो होतो आपण.

मी मास्तरीण आहे तीही तुझ्यामुळेच. दहावीत गणितात नापास झाले तेव्हा बा म्हणाला होता, पुरे झाली शाळा, स्थळ पाहू. तू बॉम्बच्या चाचणीच्या रेंजवरून पत्र पाठवलंस. त्यात खुशाली नव्हती, नमस्कार नव्हता. एवढंच लिहिलं होतं, की पोरीचा नेम एकदा हुकला म्हणून कुणी बंदूक नदीत फेकत नाही, पुन्हा लावू द्या. बाला वाचता येत नव्हतं. ते पत्र मीच त्याला वाचून दाखवलं, आणि घाबरून दोनदा वाचलं. बा स्थळ पाहायला गेला नाही. आज मी चाळीस पोरांना गणित शिकवते आणि एखादं नापास झालं की त्याच्या बापाला घरी जाऊन भेटते.

मग एक दिवस तू परत आलास, ठरल्यापेक्षा बऱ्याच आधी. नोकरीची पुढची मुदत मिळाली नव्हती आणि सेवापुस्तकात लाल शाईची नोंद होती. तू पोचायच्या आधी बातमी पोचली होती. ती आली होती नाकाडोंगरीहून, तुझ्याच तुकडीतल्या तुझ्या दोस्ताच्या, दिलीपच्या घरून. मोरूने, म्हणजे तू, एका मोठ्या चाचणीच्या दिवशी हलगर्जी केली, बॉम्ब लक्ष्य सोडून यंत्रांच्या खोलीवर पडला, नशिबाने आत कुणी नव्हतं, म्हणून मोरूला काढला. वाळूत पाणी मुरावं तशी ती बातमी गावात मुरली. महिनाभरात तुझं नाव पडलं हुकल्या. तू जाळं फेकलंस की काठावरून कुणीतरी ओरडायचं, "हुकल्या, हुकला का गा?" कॅरमची सोंगटी गेली नाही की हुकल्या. तुला दोन पोरींकडून नकार आला तेव्हाही हुकल्या. तू त्यांच्याबरोबर हसायचास. त्या हसण्याचा मला जितका राग यायचा तितका त्यांच्या बोलण्याचाही येत नव्हता.

आणि माय. मायने ते खरं मानलं. पोराच्या हातून चूक झाली, माणसं मरता मरता वाचली, हे तिच्या मनात जे बसलं ते बसलंच. वरून विमान गेलं की ती हातातलं काम ठेवून आभाळाकडे हात जोडायची. "माह्या मोरूचं चुकलं, माफ करजा," असं पुटपुटायची. नागपूरला उतरणारी विमानं ती, त्यांत बसलेल्या लोकांना काय ठाऊक की खाली कारध्यात एक म्हातारी त्यांची क्षमा मागते आहे. तू हे रोज पाहत होतास. पाहून मान खाली घालून जाळं शिवत होतास.

ह्या वर्षीचा सव्वीस जानेवारी आठवतो? आमच्या शाळेचे प्रमुख पाहुणे म्हणून मुख्याध्यापकांनी कुणाला बोलवावं? माजी सैनिक दिलीपभाऊंना. तुझ्यानंतर तीन वर्षांनी तो निवृत्त झाला, बढती घेऊन, पदकं घेऊन. आता घरचा धानाचा व्यापार पाहतो आणि राष्ट्रीय सणांना शाळाशाळांतून भाषणं करतो. कोटावर सगळी पदकं लावून आला होता, चालताना वाजत होती. मुलांना सांगत होता, आम्ही खिडकीतून बॉम्ब आत घालायचो, दाराची कडीसुद्धा हालायची नाही. मुलं टाळ्या वाजवत होती. मग सातवीतली एक चौकस मुलगी उठली आणि तिने विचारलं, "सर, तुमचा कधी हुकला नाही का?"

तो हसला. म्हणाला, "एकदा हुकला. सोबतचा माणूस बेफिकीर होता. नाव घेत नाही, आपल्याच जिल्ह्यातला आहे."

मी दहा पावलांवर उभी होते, दादा. हातात शाल आणि नारळ होता, त्यालाच द्यायला. आभारप्रदर्शनही माझ्याकडेच होतं. मी सरपंचांचे आभार मानले. माइकवाल्याचे मानले. खिचडी शिजवणाऱ्या बाईंचे, मंडपाचे बांबू देणाऱ्याचे, शाळेच्या घंटेला दोरी बांधणाऱ्या शिपायाचेही मानले. प्रमुख पाहुण्यांचं नाव घेतलं नाही आणि खाली बसले. मुख्याध्यापक माझ्याकडे बघतच राहिले. शाल शेवटी त्यांनीच दिली. सूड म्हणून तो फारच किरकोळ होता, पण त्या दिवशी माझ्याजवळ तेवढाच होता.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या गावाहून कारध्याला आले आणि तुझ्याबरोबर डोंग्यात बसले, कारण डोंग्यातून तुला उठून जाता येत नाही. नदीच्या मधोमध मी तुला विचारलं आणि तू पहिल्यांदा सांगितलंस. चाचणीच्या आधी ठिपका पाडणारं यंत्र तिपाईवर बसवायचं काम तुमच्या दोघांकडे होतं. बिनतारी संचावर निरोप आला म्हणून तू गाडीकडे गेलास, तिपाई दिलीपने लावली. जमीन रेताड. तिपाईचा प्रत्येक पाय दाबून रोवायचा आणि मधे वजनाची पिशवी टांगायची, असा नियम. त्याने पाय नुसते टेकवले, पिशवी जमिनीवरच राहिली. तू परत आलास तेव्हा विमान वर आलेलं होतं. बॉम्ब सुटला, एक पाय रेतीत खचला, तिथे नखभर हललेला ठिपका लक्ष्याजवळ कुठच्या कुठे गेला. चौकशीत दिलीपला आधी बोलावलं. तो म्हणाला, तिपाई मोरेश्वरने लावली. मग तुला बोलावलं आणि विचारलं, हे खरं आहे का?

"मंग तू काय बोल्ला?" मी विचारलं.

"हो बोल्लो."

"काहून?"

तू वल्हं पाण्यात तसंच धरून बसलास. मग म्हणालास, "त्याची बढती होती, शेवंते. अन् त्याच्याच बुटानं मी भरती झालो."

बुटांची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. नागपूरच्या भरतीला तू चपला घालून गेला होतास. चपलांवर धावू देईनात. ओळख ना पाळख, रांगेत पुढे उभ्या असलेल्या दिलीपने आपली फेरी धावून झाल्यावर पायातले बूट काढून तुला दिले, आणि दोघंही निवडले गेलात. पुढे कितीदा तरी तो आपल्याकडे जेवला. माय त्याला मोठा मासा वाढायची.

"बूट त्याचे होते," मी म्हणाले. "पाय त तुहे होते ना?"

"पाय अनवाणी होते," तू म्हणालास.

त्याचं उत्तर मला आता सुचलं आहे, दादा, आणि ऐकायला तू नाहीस. एका फेरीपुरते बूट दिले होते त्याने. त्याच्या बदल्यात तू तुझी नोकरी दिलीस, नाव दिलंस, आणि मायची झोपही देऊन टाकलीस. ती द्यायचा तुला काय अधिकार होता? उपकाराची परतफेड आपल्या पानातलं काढून करावी. तू मायच्या पानातलं काढलंस. तुझा चांगुलपणा मला आजही समजतो आणि आजही चीड आणतो. तुझ्याइतका भला माणूस मी पाहिला नाही, आणि तुझ्याइतका हट्टी मूर्खही.

मी तेव्हाच म्हणाले होते की आत्ता डोंगा काठाला लाव, मी मायला सांगते. तू माझा हात धरलास आणि तुझ्याच जिवाची शपथ घातलीस. "मी हावो तवरीक बोलाचं नाई." काय शपथ ही! मी मुकाट्याने पाळली. रोज दात आवळून पाळली. तुझा जीव होता तोवर शपथ होती. जीव गेला, शपथ फिटली. तुझ्या उशाशी बसून रडत असताना हे माझ्या मनात आलं. मला वाईट म्हण, पण आलं.

दिलीप तासाभरात पोचला. पांढरा शर्ट, डोळे लाल. माझा सख्खा दोस्त गेला म्हणत त्याने मायच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा गजाकाकाला बाजूला सारून पुढचा उजवा खांदा त्याने घेतला. घरापासून घाटापर्यंत एकदाही बदलला नाही. लोक म्हणत होते, दोस्ती असावी तर अशी. त्याचे अश्रू खोटे नव्हते, तेवढं मी मान्य करते. पण खऱ्या अश्रूंनी खोटी साक्ष धुतली जात नाही. मी मागे चालत होते आणि त्याच्या पाठीकडे बघत मनात एकच ठरवत होते. ह्याने मायसमोर स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मी सांगून उपयोग नाही, बहीण भावाचीच बाजू घेणार असं लोक म्हणतील. मायचे किती दिवस उरलेत कुणाला ठाऊक. ती हात जोडून जायला नको.

काल घाटावर चौघा खांदेकऱ्यांना रांगेत बसवलं. आपल्यात दहाव्याला घरची लेक खांदेकऱ्यांच्या उघड्या खांद्याला तेल चोळते आणि त्यांचा खांदा उतरवते. तेल लागलं की मेलेल्या माणसाचा भार तिथेच नदीकाठी उतरतो. नाही लागलं तर तो भार त्या माणसाबरोबर घरी जातो, असं मानतात. मी पोरांना विज्ञानही शिकवते, पण हे मीही मानते. पहिले तिघं गल्लीतले आपलेच. त्यांना तेल लावलं, ते उठले. चौथा दिलीप. शर्ट काढून, डोळे मिटून बसला होता. मी वाटीत बोटं बुडवली आणि तशीच धरून ठेवली.

"दिलीपभाऊ, तिपाई कोनं लावली होती?"

त्याने डोळे उघडले. "काय?"

"त्या दिवशी, रेतीत. तिपाई कोनं लावली होती?"

"शेवंता, आज हे बोलाचा दिवस नाई."

"आजच हाये. उद्या तुम्ही सापडत नाई."

मागून गजाकाका म्हणाला, "लावून टाक पोरी. असा कोनाचा खांदा अडवत नाई." मी म्हणाले, "मी कुठं अडवला? त्याइनंच अडवला हाये." दिलीप माझ्याकडे वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "घरी येतो. तुले सांगतो सारं." मी मोठ्याने म्हणाले, "मले मालूम हाये सारं. मले नाई सांगाचं." माझ्या बोटांवरून तेल मनगटापर्यंत ओघळलं होतं.

तेवढ्यात पायरीवर बसलेली माय बोलली. दहा दिवसांत ती पहिल्यांदाच धड वाक्य बोलली असेल. "तिपाई म्हंजे काय वो, शेवंते?"

मी तिला सांगितलं. तीन पायांची घोडी असते. तिचे पाय रेतीत दाबून रोवावे लागतात. नाही दाबले तर घोडी सरकते, वरचं यंत्र हालतं आणि बॉम्ब हुकतो. त्या दिवशी पाय दाबले नव्हते.

"कोनं? माह्या मोरूनं?" माय म्हणाली आणि चक्क हसली. "अवो, ह्या नदीत जाळ्याचे बांबू रोवून रोवून हाडं झिजली त्याची. पुरात लोकाइचे बांबू वाहून जात, त्याचा हालत नवता. त्याले रेतीत पाय दाबाचं शिकवा लागते? मले कोनी सांगितलं काहून नाई, का ते असं होतं म्हून?"

तिला खरंच कुणी सांगितलं नव्हतं, दादा. हलगर्जी, चौकशी, लाल शाई हे सगळं सांगितलं, पण नेमकं काय चुकलं ते एका कोळणीला काय समजणार म्हणून तू सांगितलं नाहीस, आणि शपथेमुळे मीही. पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर ह्या बाईने तिथल्या तिथे तुला निर्दोष सोडलं असतं. शिकलेल्या माणसांची चौकशी झाली, त्यात कुणी रेतीत काठी रोवणाऱ्या माणसाला विचारलं नाही.

माय उठून दिलीपसमोर आली. "पोरा, तूनं लावली होती?"

दिलीपने पाण्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. "हो, माय," तो म्हणाला. "मी लावली होती. मोरूची चूक नवती."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लाज वाटावी इतकं बरं वाटलं. तुला हुकल्या म्हणणारे सगळे तिथे उभे होते आणि कुणाची मान वर नव्हती. दिलीप रडत होता, नाक पुसायलाही त्याच्या अंगात शर्ट नव्हता. माझं मागणं पुरं झालं होतं. आता शब्दाला जागायचं म्हणून मी त्याच्या खांद्याकडे हात नेला, तर मायने माझं मनगट धरलं.

"राहू दे."

"माय, त्यानं सांगितलं."

"सांगितलं, बरं केलं." मग ती त्याला म्हणाली, अगदी नेहमीच्या आवाजात, "जेवून जा पोरा, पंगत मांडली हाये. खांदा मात्र असाच घेऊन जा."

मायने माझ्या हातातली वाटी घेतली, पायरीवर बसली आणि उरलेलं तेल आपल्या भेगाळलेल्या टाचांना सावकाश चोळलं, शेवटच्या थेंबापर्यंत.

तो जेवला, दादा. जेवल्याशिवाय उठायची त्याची हिंमत झाली नाही. मीच वाढत होते, दोनदा भात वाढला. उजवा खांदा जरा खाली धरून जेवत होता, की मला तसं दिसलं, कोण जाणे. आज सकाळी त्याचा फोन आला. रात्रभर खांदा ठणकतो आहे, मायला विचारून सांग, पुन्हा कधी येऊ. मी मायला विचारलंच नाही.

तू असतास तर त्या रांगेतच वाटी हिसकावून त्याला तेल लावलं असतंस आणि वर आम्हालाच रागावला असतास, हे मला माहीत आहे. सकाळपासून तुझी बाजू मीच मांडते आहे आणि मीच खोडते आहे. त्याला सोडावं असं वाटत असेल तर ये आणि सांग मला. तोवर दुखू दे त्याचा खांदा.